वेशीतला ठेका

छावणी, ६ ऑक्टोबर २०२४

दादा, जय भीम.

फोन लावला की तू "हं" म्हणतोस आणि फोन लेकाच्या हातात देतोस. मग बद्री बिचारा दोन्हीकडून बोलतो, तुझ्या वतीनं मला आणि माझ्या वतीनं तुला. म्हणून लिहायला बसलो. कागद काही बद्रीच्या हातात देता येत नाही. चष्मा लावून तूच वाचशील, एवढं मला तुझं ठाऊक आहे. तुझी शाळा चौथीपर्यंत तरी झाली. मी इथल्या बागेत झाडांवरच्या पाट्या वाचत वाचत अक्षरं जुळवली, त्यामुळं चुकलंमाकलं तर हसून सोड.

सोयाबीन भिजलं म्हणून कळलं. खोकला कसा आहे? द्वारका म्हणते, दादांना म्हणावं ज्येष्ठमध तोंडात धरा, आणि विडी त्याच तोंडात धरू नका.

आता जे सांगायचं ते सांगतो. अपेक्षाच्या बँडचा अल्बम होतो आहे. पूर्वी कॅसेट यायची ना, दोन्ही बाजूंनी गाणी भरलेली, तसंच. आता कॅसेट नसते, सगळं मोबाइलवर सुटतं. बँडचं नाव 'खडी मशीन'. नाव ठेवलं ते बरोबरच आहे. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला खरंच वाटलं, आत कुणी डबर ओततंय. तिघंच आहेत. आपली नात ड्रम वाजवते. सुयश नावाचा पोरगा गिटार वाजवतो आणि गातो. गातो म्हणजे ओरडतो, पण सुरात ओरडतो. आणि शिवम जाड तारांची गिटार वाजवतो, रेकॉर्डिंगही तोच करतो.

मुकुंदवाडीला स्टेशनाच्या मागं एक पत्र्याची शेड भाड्यानं घेतली आहे. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या टांगायच्या होत्या. द्वारकानं आधी कुरकुर केली आणि मग पेटीतल्या सगळ्या काढून दिल्या. आता लोकांना सांगत फिरते, माझ्या बाळंतपणातल्या गोधड्या स्टुडिओत लागल्या. गाडी आली की शिवम हात वर करतो. तिघंही जागच्या जागी पुतळे होतात. गाडी गेली की पुन्हा पहिल्यापासून.

तुला हे आवडणार नाही, हे मला माहीत आहे. बद्रीच्या पोरीच्या लग्नात वाजंत्र्याची हलगी कोपऱ्यात पडली होती, अपेक्षानं ती गळ्यात अडकवली आणि वाजवली, आणि तू ताटावरून उठलास. हात धुतलेस, मला म्हणालास, "जे कातडं मी घराबाहेर टाकलं ते तुझ्या नातीनं गळ्यात घातलं. तुझ्या घराशी माझा काय संबंध नाय." लोक जेवत होते. तुझंच खरं होतं. आपल्या आळीनं दीक्षा घेतल्यावर मेली ढोरं ओढणं सोडलं, पण हलगी लगेच सुटली नाही, ती पोटाला लागत होती. ती तू सोडलीस. कशी महाग पडली ते तुझ्या हाताला विचारावं.

म्हणून आधीच सांगून ठेवतो, मोबाइलवर अचानक दिसायला नको. एका गाण्यात आपल्याकडची थोडी गोष्ट आहे. नाव कुणाचं येणार नाही, ते मी बघतो. तू काळजी करू नकोस. मी करतोच आहे, ती दोघांना पुरेल.

तुझा
कडुबा


छावणी, २४ नोव्हेंबर २०२४

दादा,

गाणं झालं. सगळी नावं काढली, हे आधी सांगतो, मग बाकीचं.

सुयशनं लिहून आणलं होतं त्यात साहेबरावाचं नाव आडनावासकट होतं. गाव होतं, साल होतं, बैलांचा रंगसुद्धा होता. पोळ्याला साहेबरावाची जोडी वेशीतून पहिली जायची, तिच्यापुढं हलगी घेऊन तू चालायचास, आणि त्या वर्षी तू "नाय" म्हणालास, हे सगळं. जुवाची शिवळ, ती लाकडी खुंटी, उपसून त्यानं तुझा हात वेशीच्या ओट्यावर धरून काय केलं, तेही. त्या दिवशी आईनं मला कवटाळून धरलं होतं, तिच्या बांगड्या माझ्या दंडात रुतल्या होत्या, ते पुन्हा जाणवलं.

मी म्हटलं, हे असं जाणार नाही.

सुयश चांगला पोरगा आहे, पण सिडकोत वाढलेला. त्याला गाव दिसलं ते एसटीच्या खिडकीतून. तो म्हणाला, आजोबा, एवढं काय घाबरता, त्याला किती वर्षं झाली. मी म्हटलं, बाबा, साहेबराव अजून जिवंत आहे. आणि तो गेला तरी बांध जिवंत राहतो. आपल्या दोन एकरांची वाट त्यांच्या बांधावरून जाते. बद्री त्यांच्याच ट्रॅक्टरवर आहे, त्याच्या नातवाच्या, गोकुळच्या हाताखाली. तू इथं नाव घेऊन मोकळा होशील, आणि त्या दारावरून रोज जायचंय माझ्या भावाला.

अपेक्षा म्हणाली, "नावं काढली तर ऐकणाऱ्याला कळणार कसं, की हे खरंच झालं?"

"न कळू दे," मी म्हटलं.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तुझीच नात, गप्प बसण्यात तुझ्यावर गेली आहे. तिसऱ्या दिवशी तिनंच वही घेतली आणि एकेक शब्द खोडला. साहेबरावाचा 'एक माणूस' झाला, गावाचं 'एक दार' झालं, पोळ्याचा 'एक सण'. तुझा फक्त 'हात' राहिला. अल्बमचं नाव त्याच गाण्यावरून ठेवलंय, 'वेस'. वेशी काय, साऱ्या महाराष्ट्रात आहेत.

रेकॉर्डिंग चालू असताना मी आत थांबलो नाही. शेजारी रेडिएटर दुरुस्त करणारे चाचा आहेत, त्यांच्या बाकावर बसलो. शेडचा पत्रा असा थरथरत होता की चाचांचे पाने टेबलावरून चालायला लागले. माझं तोंड बघून म्हणाले, "काय कू घबराते कडूभाई? बच्ची ढोल बजारी, बम नै बनारी." मी हसलो.

गाण्याच्या मधे एका ठिकाणी सगळं एकदम थांबतं. गिटार, ड्रम, ओरडणं, सगळं. एक श्वास घ्यावा एवढंच. मग दोन्ही काठ्या एकदम कोसळतात. नेमकी त्या गप्प जागेत रेल्वे यायची आणि पुन्हा पहिल्यापासून. शिवम म्हणतो, ही जागा म्हणजे अल्बमचा जीव आहे. पोरीला तिचं तिलाच सुचलं ते.

बाकी आठ गाणी आहेत. एक नळाला पाणी न येण्यावर आहे, ते द्वारकाला पाठ झालं. एक हर्सूलच्या जेलच्या भिंतीवर आहे, एक वाळूजच्या रात्रपाळीवर. त्यात भिण्यासारखं काही नाही.

तू एक ओळ लिहून पाठव. शिवी लिहिलीस तरी चालेल.

कडुबा


छावणी, १७ फेब्रुवारी २०२५

दादा,

अल्बम सुटला. परवा इथं एका हॉलमध्ये कार्यक्रम झाला. मी नको नको म्हणत होतो, पण अपेक्षानं आम्हां दोघांना पहिल्या रांगेत बसवलं. द्वारकानं कानात कापूस घातला होता. मधेच माझ्या कानाशी येऊन म्हणाली, एवढा आवाज तर माझ्या सासूनंही केला नव्हता. पोरं माना अशी हलवत होती की अंगात आलंय वाटावं. आपली पोर त्या ड्रमांच्या मागं बसलेली, केस मोकळे, पायात चप्पल नाही. खरं सांगू? छाती भरून आली. वर्तमानपत्रात एवढीशी बातमी आली. पुण्याच्या कुणी इंटरनेटवर लिहिलं की ध्वनिमुद्रण कच्चं आहे, गिटार बरी आहे, पण ड्रमवाली मुलगी सगळ्यांना खाऊन टाकते. सुयश दिवसभर तोंड पाडून बसला होता.

हे झालं चांगलं. आता दुसरं. ते लिहायला मी दोन दिवस घेतले.

'वेस' वाजत होतं. ती गप्प जागा आली. हॉल चिडीचूप. आणि मागून एक म्हातारा उठून उभा राहिला. कार्यक्रम संपल्यावर तो गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आला. आपल्या शेजारच्या गावचा, एसटीत कंडक्टर होता, आता मुलाकडं राहतो, नातवानं ओढून आणला होता. माझा हात धरला, तोंड कानाशी आणलं आणि म्हणाला, "पुंजारामचा हात हाय ह्यो."

मी हात सोडवून घेतला.

मी म्हटलं, कोण पुंजाराम? तो हसला. म्हणाला, "जोडी तोरणाखाली आली की हलगी थांबायची. बैल थांबायचे. मग थाप पडली की पाऊल. असं थांबवणारा पंचक्रोशीत एकच व्हता. मी लहानपणी पोळा बघायला तुमच्या गावाला यायचो, त्याच्यासाठी."

दादा, मागच्या पत्रात मी लिहिलं की पोरीला सुचलं. तसं नाही. मीच तिला दिलं. ती विचारत होती, मोठे आजोबा काय वाजवायचे, आणि मी स्टीलचा डबा उपडा घातला आणि बोटं आपोआप चालली. शब्दांतली नावं मी चाळणीनं चाळली आणि ठेका तसाच ठेवला. ठेक्यात नाव असतं हे माझ्या ध्यानातच आलं नाही. कुठल्या वेशीत कुणाचा हात, हे आपल्याकडं आंधळा माणूस सांगायचा, आणि मी डोळस असून विसरलो. शेपूट कापून टाकलं आणि हत्ती दारात उभा केला.

गावात अजून कितीतरी म्हातारी माणसं आहेत. आणि साहेबराव आहे. त्यानं तर तो ठेका सगळ्यांत जवळून ऐकलेला.

बद्रीला सांग, मोबाइलवर ते गाणं कुणी लावलं तर आपलं नाही म्हणावं.

कडुबा


छावणी, १२ मार्च २०२५

दादा,

काल बद्रीचा फोन आला. तू झोपला होतास म्हणे. त्यानं हळू आवाजात सगळं सांगितलं, ते तुला माहीत नसेल तर कळावं म्हणून लिहितो, आणि माहीत असेल तर मलाही माहीत आहे एवढं तुला कळावं म्हणून.

गाणं गावात पोचलं. नाही म्हणून काही उपयोग झाला नाही. आपल्या आळीतल्या पोरांनी त्या गप्प जागेचा तुकडा कापून त्याचा रील केला, आणि कुणीतरी खाली लिहिलं, 'ओळखा कुणाची वेस'. खाली ओळखणारे ओळखत गेले. गोकुळनं बद्रीला पारावर थांबवलं. चहा पाजला. म्हणाला, "तुमच्या पोरीनं गाणं केलंय म्हणे. बरं हाय की. आज्जाला ऐकवलं मी." एवढंच. मग ट्रॅक्टरच्या डिझेलचं बोलला आणि गेला.

बद्री म्हणतो, काका, तो चिडला असता तर बरं झालं असतं. चहा पाजला ह्याचीच मलाही भीती वाटते. त्या पोळ्याच्या सकाळीसुद्धा साहेबरावानं तुला आधी गूळ दिला होता हातावर. आठवतं?

आणि आता पोरं म्हणताहेत, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेवर हेच गाणं लावायचं आणि गाडी वेशीतून, त्यांच्या फाटकासमोरून न्यायची. जिवाला जीव देणारी पोरं आहेत, पण कुणाचा जीव जाईल ते त्यांना कळत नाही. मिरवणूक गेली की रात्री पोरं झोपतील. सकाळी बांधावरून जायचं तुला आणि बद्रीला.

इथंही पूर्वीसारखं नाही. अपेक्षाच्या मोबाइलवर लोक काय काय लिहितात ते मला वाचवत नाही. निम्मे लोक डोक्यावर घेतात, मुंबईहून कार्यक्रमाला बोलावतात. बाकीचे आईबहीण काढतात, ती शेडमध्ये कधी असते ते विचारतात. आता शिवम तिला घरापर्यंत सोडतो. मोटारसायकलचा आवाज गल्लीत थांबला की द्वारका खिडकी लावून घेते.

मी पोरीला म्हटलं, ते एक गाणं काढून टाक. अल्बममधून काढता येतं म्हणे, एका बटणाचं काम. ती म्हणाली, "मोठे आजोबा म्हणाले काढ, तर काढीन. तुम्ही म्हणाल तर नाही."

म्हणून विचारतो. हात तुझा आहे. तू "काढ" म्हण, बद्रीकडून नुसता निरोप दे, संध्याकाळपर्यंत गाणं जाईल. रीलचं काही करता येणार नाही, ते सुटलं ते सुटलं. पण आम्ही मागं घेतलं एवढं तरी दिसेल.

दादा, मी तुझ्यापाशी भीक मागतो. काढ म्हण.

कडुबा


छावणी, ६ एप्रिल २०२५

दादा,

तुझा निरोप आला नाही. त्याऐवजी बद्री आला, काल, पहिल्या गाडीनं. द्वारकानं भाकरी वाढली तर घास हातात धरून तो सांगत बसला. मी तुला तुझीच गोष्ट सांगतो आहे, हसू नकोस. तू स्वतः मला कधी सांगणार नाहीस आणि मला ती लिहून काढल्याशिवाय चैन नाही.

साहेबरावानं बोलावणं धाडलं. गोकुळ गाडी घेऊन आळीत आला. बद्रीनं तुला हात जोडले, जाऊ नको, ताप आहे म्हणून सांगतो. आळीतली पोरं काठ्या शोधायला लागली. तू त्यांना घरी बसवलंस, धुतलेलं धोतर नेसलास आणि गाडीत न बसता चालत निघालास. बद्री तुझ्या मागं. तो म्हणतो, वेशीपाशी आलो तेव्हा काकानं सांगितलेलं सगळं माझ्या डोळ्यांपुढं आलं आणि मी थबकलो, पण आबा काही थांबले नाहीत.

साहेबराव ओसरीवर बाजेवर पडलेला. लकव्यानं एक अंग गेलेलं, तोंड वाकडं. तुझ्यासाठी खुर्ची टाकली होती. कपबशीत चहा आला, त्यांच्या घरातल्या कपात. तू चहा प्यालास. तो बोलायचा ते नीट कळत नव्हतं, गोकुळ वाकून ऐकायचा आणि मोठ्यानं सांगायचा.

साहेबराव म्हणाला, गाणं ऐकलं. नातवानं दहा वेळा लावलं. पोळ्याला आता डीजे लावतात, बैल बिथरतात. तुझ्यासारखी जोडी कुणी थांबवली नाही. मरायच्या आधी एकदा कानानं ऐकायचंय.

"वाजव एकदा," म्हणाला.

तू उजवा हात वर केलास. बद्री म्हणतो, ती वाकडी बोटं त्यानं जन्मभर बघितली, पण त्या दिवशी पहिल्यांदा बघवली नाहीत.

"ह्या हातानं?" तू विचारलंस.

साहेबरावाच्या डोळ्याला पाणी होतं, म्हणतो बद्री, पण लकव्यात डोळा असाही गळतो, मी काही म्हणत नाही. मग तो पुटपुटला आणि गोकुळनं मान खाली घालून सांगितलं, "आज्जा म्हणतो, डाव्यानं वाजव."

दादा, हे ऐकून द्वारकाच्या हातातला तवा खाली आला. इतकी वर्षं झाली, माणूस मरायला टेकला, गोड बोलतो, खुर्ची देतो, चहा देतो, आणि तरी मागतो तेच.

तू कप खाली ठेवलास आणि म्हणालास, "तवा नाय म्हणलो व्हतो. आता बी नाय."

गोकुळ चिडला. म्हणाला, "माणूस जायला लागलाय, एवढं बी व्हत नाय का तुमच्याच्यानं?"

तू उठलास. बद्री म्हणतो, आबा दरवाज्यापर्यंत गेले आणि मागं वळून एवढंच बोलले, "मोबाइलवर पोरीचं लावून दे त्याला. ती कुणी सांगितलं म्हणून वाजवत नाय."

ह्या वाक्यापाशी बद्री रडायला लागला. मीही. अपेक्षा दाराआड उभी होती. ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. तू ताटावरून उठून गेलास तेव्हापासून ती तुझं नाव निघालं की विषय बदलायची.

पण दादा, रडून झालं आणि मग भीती परत आली. फाटकाशी गोकुळ बद्रीला म्हणाला, उद्यापासून ट्रॅक्टरवर येऊ नको. दुसऱ्या दिवशी बांधावर बाभळीच्या काट्यांचं कुंपण पडलं, शेतात जायला वाट नाही. ओसरीवर आणखी कोण कोण बसलं होतं, कोण काय म्हणालं, ते बद्री सांगत होता आणि द्वारका त्याला "पुरे" म्हणत होती. साहेबराव आता हात उचलू शकत नाही. पण त्या घरात हात कमी नाहीत.

तू इकडं ये. बद्रीला, सुनेला, सगळ्यांना घेऊन ये. छावणीत खोली लहान आहे, पण दार लागतं. जयंती होऊन जाऊ दे, मग बघू. तू येणार नाहीस हे मला माहीत आहे. तरी लिहितो.

कडुबा


छावणी, १३ एप्रिल २०२५

दादा,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही, माझ्याबरोबरच येईल. पण फोन ठेवल्यापासून लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तुझा फोन येईल असं मला वाटलंच नव्हतं. मी "बद्री, बोल" म्हटलं, आणि तिकडून तू खाकरलास. किती दिवसांनी तुझा आवाज ऐकला! तू हालहवाल काही विचारलं नाहीस. म्हणालास, "पोरीला घेऊन ये उद्या."

मी म्हटलं, दादा, पोरं तिला वेशीत नेतील, त्या फाटकासमोर. तिथं काही झालं तर?

"वेशीत वाजवायचं नाय तिनं," तू म्हणालास. "त्यांच्या दारात म्या बी वाजवलं नाय, तिनं कशाला वाजवावं? पोरास्नी सांगितलंय, गाडी तिकडनं नेऊ नका. ती आपल्या दारात वाजवल. ज्याला ऐकायचं त्यानं आपल्या दारात यावं. आन् हलगी घरात नाय. येताना आणा."

हलगी आणा, हे तू म्हणालास. मी दोनदा विचारलं, काय आणू? तू म्हणालास, "बहिरा झालास का."

पोलीस येणार आहेत म्हणतो बद्री, तरी काय सांगावं? बांधावरचे काटे तसेच आहेत. गोकुळनं दोन दिवस तोंड दाखवलं नाही, आणि त्याचं न दिसणं मला त्याच्या दिसण्यापेक्षा भारी वाटतं. हे सगळं तुला सांगितलं. तू ऐकून घेतलंस. शेवटी मी लहान पोरासारखं विचारलं, "दादा, तुला भ्या वाटत नाय का?"

तू म्हणालास, "वाटतं की. तवा बी वाटलं व्हतं."

आणि फोन ठेवलास.

दादा, इतकी वर्षं मी लोकांना सांगत आलो, माझा भाऊ भीत नव्हता. पोरीलाही तेच सांगितलं, सुयशनं ते गाण्यात घातलं, हॉलभर लोकांनी त्यावर टाळ्या वाजवल्या. आईच्या मिठीतून बघत होतो तेव्हा मला वाटलं होतं, ह्याच्या अंगात भीती नावाचं हाडच नाही, आणि माझ्या अंगात सगळी तीच. मी त्या गोष्टीपुढं जन्मभर लहान होऊन राहिलो. तू आज एका वाक्यात तिची हवा काढलीस.

अपेक्षाला मी ते जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, मग गाणं चुकलं आपलं. मी म्हटलं, गाणं राहू दे.

संध्याकाळी ती आणि शिवम जाऊन हलगी घेऊन आले. घरात चूल नाही, म्हणून द्वारकानं गॅसवर धरून तिला ताप दिला आणि म्हणाली, हे लग्नाच्या वेळी कुणी सांगितलं असतं तर छावणीत आलेच नसते. पिशव्या भरून झाल्या आहेत. तुझ्यासाठी ज्येष्ठमध घेतलाय. सकाळची पहिली गाडी धरायची आहे.

आत्ता पोर माझ्यासमोर बसली आहे, हलगी मांडीवर पालथी ठेवून. वाजवत नाही, नुसता हात ठेवला आहे तिच्यावर. मी तिला विचारलं, "भीती वाटते का गं?"

ती म्हणाली, "लई."

मग म्हटलं, ठीक आहे. चल.

कडुबा